‘माझ्याकडे तर होतंय’च्या पुढे: बिल्ड डिपेंडन्सींची यादी सगळ्या डिस्ट्रोंवर चालेल अशी कशी लिहावी

ओपन सोर्समध्ये पहिल्यांदा हात घालणारा माणूस बहुतेक वेळा कोडपर्यंत पोहोचतच नाही. तो रेपो क्लोन करतो, बिल्डचा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधण्याचा, आदेश देतो आणि कुठलीतरी हेडर फाइल सापडत नाही म्हणून कंपायलर थांबतो. मग तो रीडमी उघडतो. तिथे एक वाक्य असतं: ‘आवश्यक त्या लायब्ररी इन्स्टॉल करून घ्या.’ आवश्यक म्हणजे कोणत्या, हे लिहिणाऱ्याला पाठ असतं आणि वाचणाऱ्याला नेमकं तेवढंच माहीत नसतं. शनिवारची दुपार त्यात जाते, आणि पुढच्या शनिवारी तो येत नाही.

पुण्यात हे जास्त जाणवतं, कारण इथे एका टेबलाभोवती फार वेगवेगळी यंत्रं जमतात. इंजिनिअरिंगच्या मुलांकडे उबुंटू किंवा मिंट असतं, आणि अनेकांकडे विंडोजच्या पोटातलं डब्ल्यूएसएल. रेड हॅटचं मोठं कार्यालय शहरात असल्यामुळे फेडोरा वापरणारे इथे भरपूर. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत रेड हॅटच्या धर्तीवरचं रॉकी किंवा अल्मा दिसतं. आणि आर्च वापरणारा एक जण असतोच. तो आर्च वापरतो हे विचारावं लागत नाही. मॉडेल कॉलनीत एसआयसीएसआर या कॉलेजात ग्नुनिफाय हे ओपन सोर्सचं संमेलन भरायचं तेव्हापासून पुणेकरांना इन्स्टॉलफेस्टची, म्हणजे एकत्र बसून लिनक्स टाकायची, सवय आहे, पण दरवेळी शेजारी बसून सोडवून देणारा कोणी असेल असं नाही. ते काम कागदावर उतरवायचं कसं, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या लायब्ररींची आणि साधनांची (बिल्ड डिपेंडन्सींची) यादी प्रत्येक डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक अवतारासाठी, कशी लिहायची, त्याबद्दल हा लेख आहे.

उदाहरणासाठी एक छोटा सी प्रकल्प धरू: देवनागरी मजकूर घेऊन त्याची पीडीएफ काढणारा. जोडाक्षरं नीट बसवायला हार्फबझ, अक्षराकृतींसाठी फ्रीटाइप, रेखाटनासाठी कैरो, शब्दसूचीसाठी एसक्यूलाइट. बिल्डसाठी मेसन आणि निन्जा. पॅकेजांची आणि आदेशांची नावं इथे बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच त्यांच्या मूळ स्पेलिंगनेच टाइप करायची.

यादी कोणत्या यंत्रांसाठी, हे आधी ठरवा

सगळ्या डिस्ट्रोंना पाठिंबा देतो असं म्हणणं म्हणजे एकालाही न देणं. पाच कुटुंबं घेतली तर बहुतेक लोक त्यात येतात: डेबियन-उबुंटू, फेडोरा आणि रेड हॅटची भावंडं, आर्च, ओपनसूसे आणि अल्पाइन. अल्पाइन लॅपटॉपवर क्वचित दिसतं, पण कंटेनरमध्ये (यंत्राच्या आत वेगळ्या, बंदिस्त चालणाऱ्या लिनक्समध्ये) सर्रास असतं. शिवाय त्यात ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असल्यामुळे तुमच्या गृहीतकांची उलटतपासणी फुकटात होते. तेवढ्यासाठी तरी ते ठेवा.

वाचणाऱ्याला आपलं कुटुंब कोणतं हे ठाऊक असेलच असं नाही. मिंट वापरणाऱ्या मुलाला डेबियनचा रकाना आपला आहे हे कळत नाही. त्याला ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज ही फाइल बघायला सांगा. त्यात ‘आयडी_लाइक’ नावाची ओळ असते. मिंटमध्ये तिथे उबुंटू आणि डेबियन दिसतं, मांजारोमध्ये आर्च. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे सरकारी कार्यालयातला कोणी आला तर त्यालाही तोच रकाना. हे दोन ओळींत पानाच्या अगदी वर लिहा.

खरी यादी बिल्ड फाइलमध्ये असते

पॅकेजांची नावं आठवून लिहायला बसू नका. मेसनमध्ये ‘डिपेंडन्सी’, सीमेकमध्ये ‘फाइंड_पॅकेज’ आणि ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’, ऑटोकॉन्फमध्ये ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’चा मोठ्या अक्षरांतला मॅक्रो: हे शब्द संपूर्ण रेपोत ग्रेपने शोधा. जे सापडेल ती तुमची मूळ यादी. ती बहुतेक पीकेजी-कॉन्फिगच्या, म्हणजे लायब्ररी यंत्रावर कुठे आहे ते बिल्डला सांगणाऱ्या साधनाच्या, नावांची असते, आणि ही नावं लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ठरवलेली असल्यामुळे सगळ्या डिस्ट्रोंवर जवळपास सारखीच राहतात. डिस्ट्रोचं पॅकेजनाव हे तिथे पोहोचायचा रस्ता. म्हणून तक्त्यात पहिला रकाना पीकेजी-कॉन्फिग नावाचाच ठेवा. उद्या कोणी व्हॉइड लिनक्स घेऊन आला, तर त्याला त्या रकान्यावरून स्वतःचा रस्ता शोधता येतो.

किमान आवृत्तीही बिल्ड फाइलमध्येच लिहा, पानावर नाही. पानावरचा आकडा कोणी तपासत नाही. बिल्ड फाइलमधला दर वेळी तपासला जातो. पण इथे एक खड्डा आहे. फ्रीटाइपची पीकेजी-कॉन्फिग फाइल प्रकाशित आवृत्ती सांगत नाही, लिबटूल पद्धतीने दिलेला वेगळाच आकडा सांगते. फ्रीटाइप २.१३.२ असेल तर पीकेजी-कॉन्फिग २६.१.२० म्हणतं. तुम्ही ‘किमान २.१०’ अशी अट घातली, तर ती कितीही जुन्या फ्रीटाइपवर बिनदिक्कत पास होते. अशी विसंगती जिथे असेल तिथे बिल्ड फाइलमध्ये टिप्पणी लिहून ठेवा, नाहीतर पुढचा कोणीतरी आकडा ‘दुरुस्त’ करेल.

किमान आवृत्ती किती ठेवायची? ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोला पाठिंबा द्यायचा आहे तिच्यात काय मिळतं ते बघा. उबुंटू २२.०४ मध्ये मेसन ०.६१ आणि सीमेक ३.२२ आहे. डेबियन १२ मध्ये मेसन १.०, सीमेक ३.२५, रस्ट १.६३ आणि गो १.१९. रस्टचा नवा क्रेट (रस्टमधली लायब्ररी) जोडताना हा शेवटचा भाग अचानक टोचतो. ‘मग पिपने नवं मेसन घ्या’ हा सल्ला आता सरळ चालत नाही: डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ची चूक येते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा पिपएक्स सांगा. ती चूक दडपणारा ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा पर्याय दस्तऐवजात लिहू नका, त्याचं नावच पुरेसं बोलकं आहे.

रिकाम्या कंटेनरमध्ये बिल्ड करा

हा या कामाचा गाभा आहे, आणि बहुतेक जण नेमका हाच टाळतात. तुमच्या लॅपटॉपवर गेल्या दोन-तीन वर्षांत इतकं काही इन्स्टॉल झालेलं असतं की काय लागतं हे तो सांगूच शकत नाही. कोरा कंटेनर सांगतो.

पॉडमन किंवा डॉकर, काहीही चालेल. डेबियन १२ ची इमेज घ्या आणि स्रोताची फोल्डर तिच्यात फक्त-वाचनासाठी जोडा. फेडोरावर असाल तर जोडताना मोठा झेड हा पर्यायही द्या, नाहीतर एसईलिनक्स आतून फाइल वाचू देत नाही. बिल्डची फोल्डर कंटेनरच्या टेम्पमध्ये ठेवा. स्रोत फक्त-वाचनाचा असल्याचा दुहेरी फायदा आहे: आधीच्या बिल्डचा कचरा मिसळत नाही, आणि तुमची एखादी स्क्रिप्ट चोरून स्रोताच्या फोल्डरमध्ये फाइल लिहीत असेल तर ती तिथेच पकडली जाते. जुनी बिल्ड फोल्डर रेपोच्या आत पडलेली असेल तर जोडण्याआधी वेगळ्या जागी ताजा क्लोन घ्या.

आता फक्त कंपायलर आणि मेसन-निन्जा टाका आणि बिल्ड सुरू करा. चूक येईल. जे नाही म्हणतंय ते टाका, वहीत नोंद करा, पुन्हा चालवा. कंटाळवाणं आहे, पण चार-पाच लायब्ररींच्या प्रकल्पाला तासाभरात होतं. पहिल्याच फेरीत बहुधा असं दिसेल की मेसनला हार्फबझ सापडत नाही, जरी तुम्ही ते आत्ताच टाकलंय. कारण पीकेजी-कॉन्फिग हे साधनच नसतं! डेबियनच्या बिल्ड-इसेन्शियलमध्ये ते येत नाही; आर्चच्या बेस-डेव्हलमध्ये येतं. म्हणून आर्चवर लिहिलेल्या यादीत ते हमखास सुटतं आणि उबुंटूवरचा विद्यार्थी भलत्याच पॅकेजाच्या मागे लागतो.

कोणत्या हेडरचं पॅकेज कोणतं, हे शोधायला प्रत्येकाकडे साधन आहे. डेबियनवर ‘ॲप्ट-फाइल सर्च’; आधी ॲप्ट-फाइल टाकून त्याची अनुक्रमणिका अपडेट करावी लागते. फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’, त्यात मार्गाच्या सुरुवातीला तारका. आर्चवर पॅकमन, हायफन आणि मोठा एफ. फेडोरा आणि ओपनसूसेवर त्याहून सोपी सोय आहे: पॅकेजनावाऐवजी ‘पीकेजीकॉन्फिग’ लिहून कंसात मूळ नाव दिलं की इन्स्टॉलर स्वतःच योग्य पॅकेज शोधतो. मात्र हे सगळं एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्या कंसांचा भलताच अर्थ लावतो. अल्पाइनवर ‘पीसी’ आणि कोलन असा उपसर्ग हेच काम करतो. डेबियन आणि आर्चवर ही सोय नाही.

एकदा बिल्ड झालं की उलट्या दिशेने तपासा. निन्जाला ‘-टी डेप्स’ दिलं की प्रत्येक फाइलसाठी कोणकोणत्या हेडर प्रत्यक्ष उघडल्या गेल्या ते छापतं. त्यातल्या सिस्टिमच्या हेडर ‘डीपीकेजी -एस’ला द्या (हा एस मोठा), पॅकेजांची नावं घ्या, पुनरुक्ती काढा. जी यादी येईल ती तुमच्या वहीपेक्षा मोठी असेल. उदाहरणार्थ, डेबियनवर कैरोचं डेव्ह पॅकेज (बिल्डसाठीच्या हेडर असलेलं) फ्रीटाइपचं डेव्ह पॅकेज आपणहून ओढून आणतं. म्हणजे तुमच्या वहीत फ्रीटाइप नसूनही बिल्ड झालं असेल. तुमच्या कोडमध्ये फ्रीटाइपची हेडर थेट घेतली असेल तर ते यादीत असलंच पाहिजे, मग दुसऱ्या कोणामुळे ते फुकट मिळत असो वा नसो. आणि एक्स११ च्या ज्या हेडर फक्त कैरोच्या पोटातून आल्या, त्या लिहू नका.

यानंतर नेटवर्क तोडून पुन्हा बिल्ड करा. पॅकेजं टाकलेला कंटेनर इमेज म्हणून कमिट करून ठेवा आणि ‘नेटवर्क नन’ देऊन नव्याने चालवा. मेसनचे रॅप, सीमेकचं फेचकंटेंट, एखाद्या पायथन स्क्रिप्टमधलं डाउनलोड: जे गुपचूप इंटरनेटवरून येत होतं ते इथे उघडं पडतं. लायब्ररी नसली की रॅप ती डाउनलोड करून स्वतः बिल्ड करतं, त्यामुळे यादीतली उणीव महिनोन्‌महिने झाकली जाते. मेसनला रॅप-मोड ‘नोफॉलबॅक’ दिला की झाकण निघतं. हॉस्टेलच्या प्रॉक्सीमागे बसलेल्या मुलीला हे झाकण बसलेलंच नसतं, म्हणून तक्रार नेहमी तिच्याकडून येते आणि तुमच्याकडून उत्तर जातं, ‘माझ्याकडे तर होतंय.’

लायब्ररी नसलेल्या पण लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. आवृत्ती काढायला ‘गिट डिस्क्राइब’ वापरत असाल तर गिट ही बिल्ड डिपेंडन्सी झाली. त्यात डॉकर रूट म्हणून चालवला आणि स्रोत तुमच्या वापरकर्त्याचा असला, तर एप्रिल २०२२ नंतरचं गिट ‘संशयास्पद मालकी’ म्हणून रेपो वाचायलाच नकार देतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं असेल तर अल्पाइनच्या इमेजमध्ये ते नाही. बॅशच्या खास सोयी साध्या एसएचच्या नावाखाली वापरल्या असतील तर डेबियनवर डॅश समोर येतो आणि स्क्रिप्ट मोडते. डेटा फाइल सीमध्ये कोंबायला एक्सएक्सडी वापरत असाल, तर तेही यादीत हवं. मसलचा हिशोब आणखी निराळा: आदेशाचे पर्याय वाचण्यासाठी ग्लिबसीमधलं आर्गपी वापरलं असेल तर अल्पाइनवर त्याचं ‘आर्गपी-स्टँडअलोन’ असं वेगळं पॅकेज लागतं, जे बाकी चार ठिकाणी कोणाला ऐकूनही माहीत नसतं.

नावांचा तक्ता

आपल्या उदाहरणाचा तक्ता असा होईल:

| काय लागतं | पीकेजी-कॉन्फिग नाव | डेबियन, उबुंटू, मिंट | फेडोरा | आर्च | ओपनसूसे | अल्पाइन |
|---|---|---|---|---|---|---|
| कंपायलर | – | बिल्ड-इसेन्शियल | जीसीसी | बेस-डेव्हल | जीसीसी | बिल्ड-बेस |
| निन्जा | – | निन्जा-बिल्ड | निन्जा-बिल्ड | निन्जा | निन्जा | समुराई |
| हार्फबझ | हार्फबझ | लिबहार्फबझ-डेव्ह | हार्फबझ-डेव्हल | हार्फबझ | हार्फबझ-डेव्हल | हार्फबझ-डेव्ह |
| फ्रीटाइप | फ्रीटाइप२ | लिबफ्रीटाइप-डेव्ह | फ्रीटाइप-डेव्हल | फ्रीटाइप२ | फ्रीटाइप२-डेव्हल | फ्रीटाइप-डेव्ह |
| कैरो | कैरो | लिबकैरो२-डेव्ह | कैरो-डेव्हल | कैरो | कैरो-डेव्हल | कैरो-डेव्ह |
| एसक्यूलाइट | एसक्यूलाइट३ | लिबएसक्यूलाइट३-डेव्ह | एसक्यूलाइट-डेव्हल | एसक्यूलाइट | एसक्यूलाइट३-डेव्हल | एसक्यूलाइट-डेव्ह |

मेसन आणि गिट सगळीकडे त्याच नावाने मिळतात, म्हणून रांगा वाढवल्या नाहीत. नियम बांधायचा मोह होतो, की डेबियनचं लिब काढायचं आणि डेव्हला एल जोडायचा. एसक्यूलाइटच्या रांगेत फेडोरा आणि ओपनसूसे यांच्यातला फरक बघा, म्हणजे मोह आवरेल. दुसऱ्या डिस्ट्रोवरचं नाव सापडत नसेल तर रिपॉलॉजी या साइटवर प्रकल्पाचं नाव टाका. एकच सॉफ्टवेअर कोणत्या डिस्ट्रोत कोणत्या नावाने आणि कोणत्या आवृत्तीत आहे ते एका पानावर दिसतं. पण तिथलं नाव तक्त्यात घालण्याआधी कंटेनरमध्ये टाकून बघा.

चालू लायब्ररीचं पॅकेज, म्हणजे शेवटी डेव्ह नसलेलं, बिल्डच्या यादीत कधीच लिहू नका. डेव्ह पॅकेज ते आपणहून आणतं, आणि त्याचं नाव बदलत राहतं. २०३८ च्या तारखेच्या प्रश्नासाठी डेबियनने ३२-बिट यंत्रांवरचा वेळेचा प्रकार ६४-बिट केला, तेव्हा उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये कितीतरी लायब्ररींच्या नावांना ‘टी६४’ असं शेपूट लागलं. ‘लिबएसएसएल३’ लिहिलेल्या याद्यांतलं नाव जुनं झालं; ‘लिबएसएसएल-डेव्ह’ लिहिलेल्या तशाच चालू राहिल्या.

प्रत्येक कुटुंबाची एक-एक खोड

डेबियनच्या कोऱ्या इमेजमध्ये पॅकेजांची सूचीच नसते, म्हणून आधी ‘ॲप्ट अपडेट’. ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ हा आदेश मोहक आहे, पण तो पॅकेज बांधणाऱ्याची यादी आणतो: जुन्या आवृत्तीची, आणि दस्तऐवज-चाचण्यांसकट. त्यासाठी पॅकेजांच्या स्रोताची रेपो चालू करावी लागते, तीही बऱ्याच यंत्रांवर बंद असते. शोधाशोध करताना तो उपयोगी पडतो. नवख्यासाठीच्या पानावर नको. फेडोराच्या ‘डीएनएफ बिल्डडेप’चंही तसंच.

रॉकी आणि अल्मावर फेडोराचा रकाना वापरता येतो, पण ९ व्या आवृत्तीत सीआरबी ही रेपो आधी चालू करावी लागते. मेसन आणि निन्जासुद्धा तिथेच आहेत. ८ मध्ये तिचं नाव पॉवरटूल्स होतं, त्यामुळे इंटरनेटवरचा जुना सल्ला अर्धाच लागू पडतो. ऑफिसच्या यंत्रावर रेपो चालू करायचा अधिकार नसेल तर सरळ कंटेनर वापरायला सांगा. हिंजवडीतल्या कंपनीच्या आयटी विभागाशी तुमच्या रीडमीने भांडू नये.

आर्चवर पॅकेज टाकताना मोठा एस आणि छोटा वाय एवढंच देऊन थांबू नका. छोटा यूही हवा, म्हणजे सगळी सिस्टिम अपडेट होते. अर्धवट अपडेटला आर्चचा पाठिंबा नाही, आणि तुमच्या पानावरचा आदेश कोणाची तरी सिस्टिम मोडेल. सोबत ‘नीडेड’ हा पर्याय दिला की आधीच असलेली पॅकेजं पुन्हा उतरत नाहीत.

डब्ल्यूएसएलसाठी एकच ओळ पुरते: रेपो लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर नाही. तिथे बिल्ड रखडतं, आणि फाइलनावांतला लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही नीट पाळला जात नाही.

काय लागतंच आणि काय नसलं तरी चालतं

एकाच लांबलचक आदेशात सगळं कोंबलं की लिहिणाऱ्याचं काम हलकं होतं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्याचा डेटा संपतो. पूर्ण टेक लाइव्ह काही जीबी असतं, आणि ते फक्त पुस्तिका छापायला लागत असेल तर एका ओळीचा बग सोडवायला आलेल्याला ते का उतरवायला लावायचं? पॅकेज बांधणारे हे भाग वेगळे ठेवतात. आर्चच्या आणि अल्पाइनच्या कृतींमध्ये बिल्डची आणि चाचणीची यादी निरनिराळी असते, डेबियनमध्येही चाचणीपुरत्या डिपेंडन्सीवर तशी खूण करता येते. तुम्ही तीन आदेश द्या: बिल्डसाठी, चाचण्यांसाठी, पुस्तिकेसाठी. डेबियन कुटुंबात ‘शिफारस केलेली’ पॅकेजंही डीफॉल्टने येतात. ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावून यादी पुरते का, ते कंटेनरमध्ये तपासा.

ऐच्छिक लायब्ररींचा प्रश्न नाजूक असतो. एसक्यूलाइट नसेल तर शब्दसूची बंद करून बिल्ड गपचूप पूर्ण होत असेल, तर विद्यार्थी बग शोधत बसतो आणि ती सोय त्याच्याकडे बांधलेलीच नसते. मेसनमध्ये ‘ऑटो_फीचर्स’ एकदा सगळे चालू आणि एकदा सगळे बंद ठेवून दोन बिल्ड करा. दोन्ही झाले पाहिजेत. पहिला पूर्ण यादीची परीक्षा घेतो, दुसरा किमान यादीची.

चाचण्यांच्या डिपेंडन्सीत आपल्यासारख्यांकडून हमखास सुटते ती फॉन्टची. लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट असतोच, कोऱ्या कंटेनरमध्ये एकही नसतो. मग ‘क्ष’च्या जागी चौकोन येतात आणि चाचणी नापास होते. दोष हार्फबझला दिला जातो. डेबियनवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, फेडोरावर ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ टाकता येतं. माझं मत मात्र वेगळं आहे: चाचणीचा फॉन्ट रेपोतच ठेवा. लोहित २०११ पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, सोबत लायसन्सची फाइल ठेवली की झालं. डिस्ट्रोगणिक फॉन्टची आवृत्ती बदलते आणि त्याबरोबर अक्षरांची रुंदीही. पिक्सेल मोजणारी चाचणी सिस्टिमच्या फॉन्टवर सोडणं म्हणजे नसता उद्योग.

पान लिहिताना

पुणेरी पाटी वाचणाऱ्याची चुकीची कल्पना आधीच ओळखून तिला उत्तर देते. बिल्डच्या पानानेही तेच करावं. ‘बिल्ड-इसेन्शियलमध्ये पीकेजी-कॉन्फिग येत नाही, वेगळं टाका.’ ‘हार्फबझ टाकलंय आणि तरी सापडत नाही? डेव्ह टाकलंय का?’ अशी वाक्यं जिथे अडायला होतं तिथेच लिहा. शेवटी अडचणींचा वेगळा विभाग केला तर अडलेला माणूस तिथपर्यंत जात नाही.

प्रत्येक डिस्ट्रोसाठी एकच, पूर्ण कॉपी करता येईल असा आदेश द्या. त्यात डॉलरचं चिन्ह नको. कॉपी करताना तेही येतं. प्रत्येक विभागाखाली बारीक अक्षरांत लिहा: कोणत्या इमेजवर तपासलं आणि कोणत्या तारखेला. आर्च आणि ओपनसूसेच्या टम्बलवीडला आवृत्तीच नसते, त्यामुळे तिथे तारीख हीच आवृत्ती.

सगळं आपोआप टाकणारी स्क्रिप्ट द्यावी का? मी देईन, पण ती स्वतः सुडो चालवणार नाही. तिने ओएस-रिलीज वाचावं, योग्य आदेश छापावा आणि थांबावं. दुसऱ्याच्या यंत्रावर काय टाकायचं हे त्याने बघून ठरवावं. शिवाय आदेश डोळ्यांखालून गेला की नवखा चार पॅकेजांची नावं शिकतो.

मराठीतून पान लिहिणार असाल तर जरूर लिहा. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याने धीर येतो. फक्त आदेश दोन्ही भाषांच्या पानांत वेगवेगळे ठेवू नका. ते एका फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडून तिकडेच बोट दाखवा. नाहीतर इंग्रजी पान सुधारतं आणि मराठी पान दोन वर्षांपूर्वीचं उबुंटू शिकवत राहतं.

यंत्राकडून तपासून घ्या

पानावरचे आदेश आणि सीआयमधले, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड तपासणाऱ्या यंत्रणेतले, आदेश वेगळे असले की पान शिळं होणारच. डिस्ट्रोगणिक एक छोटी शेल फाइल करा, सीआयने तीच चालवावी आणि पानावरही तिचाच मजकूर यावा. सीआयमध्ये डेबियन १२ आणि १३, उबुंटू २४.०४, ताजं फेडोरा, आर्च, टम्बलवीड आणि अल्पाइन यांच्या कोऱ्या इमेज घ्या. तयार ‘बिल्ड’ इमेज नको, कारण तिच्यात तुमच्या यादीत नसलेलं बरंच काही आधीच असतं.

हे फक्त नव्या कमिटवर चालवून भागत नाही. तुम्ही काही बदललं नाही तरी डिस्ट्रो बदलते. आठवड्यातून एकदा वेळापत्रकाने चालवा. गिटहब ॲक्शन्सचं घड्याळ यूटीसीवर चालतं: आपल्या सोमवारी पहाटे साडेतीनला हवं असेल तर तिथे रविवार रात्रीचे १० लिहा. आणि सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर वेळापत्रकाची कामं गिटहब आपोआप बंद करतं. सेमिस्टर परीक्षांच्या काळात छोट्या प्रकल्पांचं नेमकं हेच होतं.

तरीही कोणाचं बिल्ड अडेल. इश्यूच्या साच्यात तीन गोष्टी मागा: ओएस-रिलीजचा मजकूर, चालवलेला आदेश जसाच्या तसा, आणि लॉग. लॉग म्हणजे कुठली फाइल तेही सांगा. मेसनमध्ये ती बिल्ड फोल्डरच्या मेसन-लॉग्जमध्ये असते, ऑटोकॉन्फमध्ये कॉन्फिग डॉट लॉग, सीमेक ३.२६ पासून सीमेककॉन्फिगरलॉग नावाची यामल फाइल होते. स्क्रीनचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको, हेही सौम्य शब्दांत लिहा.

नव्या डिस्ट्रोचा रकाना घेऊन कोणी पुल रिक्वेस्ट पाठवली तर आनंदाने घ्या, पण सीआयमधल्या नोंदीसकटच. नुसता रकाना नको. आणि जुने रकाने काढायचं धाडस ठेवा. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला. त्याचा आदेश पानावर अजून असेल तर तो आजच काढा आणि कमिटच्या संदेशात कारण लिहा, म्हणजे जुन्या लॅबमधलं यंत्र घेऊन आलेल्याला आपला रकाना का नाही ते इतिहासात सापडेल.